उपग्रह इंटरनेट: चोचले कुणाचे?

खगोलवेडा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "स्टारलिंकला विरोध म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले." झोप उडाली, म्हणून सविस्तर. स्टारलिंक म्हणजे इलॉन मस्क यांच्या कंपनीचं उपग्रहांवरून मिळणारं इंटरनेट. 2019 च्या मे महिन्यात पहिले 60 उपग्रह एका फटक्यात सोडले, आता हजारोंनी फिरताहेत. नसरापूरला काढलेल्या माझ्या फोटोंवर ओरखडे येतात, ते सोडा. 2023 मध्ये युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीला हेच उपग्रह 110 ते 188 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींची गळती करताना सापडले. नारायणगावजवळच्या खोडदची आपली रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, तीही त्याच पट्ट्यात कान लावून असते. जमिनीवरचा गोंगाट थांबवता येतो, आभाळातल्याची तक्रार कुठल्या चौकीत द्यायची? शिवाय यातला प्रत्येक उपग्रह पाचेक वर्षांत वातावरणात जळणार. त्यातून ॲल्युमिनियम ऑक्साइड राहतं आणि ओझोनची काळजी करणारे घाबरलेत, ते उगाच नाही.

वेल्हेकर: चोचलेच! घर तोरण्याच्या मागं. लॉकडाऊनला पोरगी ऑनलाइन परीक्षेला छत्री घेऊन टेपावर बसायची. रेंज गेली, पेपर गेला. तुमचे ओरखडे पुसता येतात, तिचं वर्ष नाही.

नारायणगावकर: जीएमआरटीचं नाव काढलंतच म्हणून विचारतो. पुणे-नाशिक रेल्वे आमच्याकडून जाणार होती ना? दुर्बिणीला त्रास होतो म्हणून मार्ग बदलायचं ठरलं. टोमॅटो काय ताऱ्यांवर पाठवू?

खगोलवेडा: दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथे आहे. 45 मीटरच्या 30 तबकड्या उचलून न्यायच्या? रूळ वळवता येतात.

नारायणगावकर: वळवा की! तुमच्या कोथरूडातून वळवा. नाशिक रस्त्याच्या कोंडीत एकदा गाडीभर माल घेऊन बसा, मग शिकवा.

पेठकर: रेल्वेचा धागा वेगळा काढा. मुद्दा मालकीचा आहे. युक्रेन युद्धात क्रिमियाजवळ स्टारलिंक सुरू करायला आपण नकार दिला, हे मस्क यांनी 2023 मध्ये स्वतःच सांगितलं. लढाईत कुणाला जाळं मिळणार, हे एक माणूस ठरवतो!

वेल्हेकर: आणि आमच्या टॉवरला डिझेल कधी मिळणार, हे कोण ठरवतं? मर्जी इथंही एकाचीच. त्याचा पत्ता तरी ठाऊक आहे, एवढं तुमचं खरं.

नारायणगावकर: टॉवरला डिझेल नाही, आम्हाला रूळ नाहीत. आणि हे म्हणे आभाळ वाचवा.

खगोलवेडा: बरं बाबा, पोरीच्या पेपरपुढे माझे फोटो हरले. वेल्ह्यात छत्रीऐवजी तबकडी आली की वायफायचा पासवर्ड कळवा, ओरखडे तिथूनच अपलोड करतो. पण खोडदवर मागे हटणार नाही.

नारायणगावकर: मग रेल्वेचं काय?