मदत हवी आहे : अल्बर्टातील शिक्षकांचा संप आणि मुलीची बारावी

नमस्कार.

आम्ही कॅनडातील कॅलगरीत राहतो. ६ ऑक्टोबर २०२५ पासून आमच्या अल्बर्टा प्रांतातील सार्वजनिक, कॅथलिक आणि फ्रेंच माध्यमाच्या शाळांचे सुमारे ५१ हजार शिक्षक संपावर आहेत आणि सात लाखांहून अधिक मुले घरी बसून आहेत. लक्ष्मीपूजन झाले, उद्या भाऊबीज आहे, तरी तडजोडीचे चिन्ह दिसत नाही. संप योग्य की अयोग्य, यावर या धाग्यात वाद होऊ नये, अशी आधीच विनंती करते. ज्यांनी अशा काळात मुलांचा अभ्यास सांभाळला आहे, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

भारतातील वाचकांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. चार वर्षांत १२ टक्के पगारवाढ आणि तीन हजार नव्या शिक्षकांची भरती हा प्रस्ताव शिक्षकांनी सप्टेंबरअखेर ८९.५ टक्के मतांनी फेटाळला. वर्गातील मुलांच्या संख्येवर मर्यादा हवी, हा त्यांचा मुख्य आग्रह आहे. माझ्या मुलाच्या चौथीच्या वर्गात ३३ मुले आहेत, त्यांतील काहींना अजून इंग्रजी नीट समजत नाही आणि सगळ्यांना एकच बाई सांभाळतात. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पटत नाही असे मुळीच नाही. शिवाय त्यांना संपकाळात एक डॉलरही मिळत नाही. नव्या शालेय विश्वस्तांसाठी, म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळाच्या सदस्यांसाठी, परवा, २० तारखेला, आम्ही मतदानही केले. पण पगाराच्या वाटाघाटी प्रांताच्या पातळीवर होत असल्यामुळे संप मिटवणे त्या बिचाऱ्यांच्या हातात नाही.

आता घरचे सांगते. माझे यजमान फोर्ट मॅकमरीच्या तेलप्रकल्पात चौदा दिवस काम आणि सात दिवस सुट्टी अशा पाळीवर असतात. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असून सकाळी साडेसहाला घर सोडते. सुदैवाने सासूबाई सुपर व्हिसावर (आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसावर) इथे आलेल्या आहेत, म्हणून धाकट्याची काळजी नाही. त्या त्याच्याकडून रोज पाढे म्हणून घेतात. तो इंग्रजीत म्हणतो, त्या मनातल्या मनात मराठीत ताडून पाहतात आणि तेवढा वेळ दोघेही खूश असतात. दुपारनंतर मात्र टॅबलेटचे राज्य सुरू होते, कारण सासूबाईंना बाहेरच्या थंडीत त्याला मैदानावर नेणे जमत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकार दिवसाला ३० डॉलर देणार आहे आणि पहिली रक्कम महिनाअखेरीस येईल. ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांचा पाळणाघराचा खर्च त्यातून भागेल असे मला वाटत नाही.

खरी चिंता मुलीची आहे. या सत्रात तिचे गणित ३०-१, रसायनशास्त्र ३० आणि इंग्रजी ३०-१ असे तीन मुख्य विषय आहेत (३० आणि ३०-१ हे बारावीच्या अभ्यासक्रमांचे क्रमांक). अंतिम गुणांपैकी ७० टक्के शाळा देते आणि ३० टक्के डिप्लोमा परीक्षेवर, म्हणजे प्रांत घेतो त्या बारावीच्या परीक्षेवर, असतात. मुलगी आळशी नाही, सकाळी नेमाने टेबलाशी बसते. परंतु परवा रात्री मी परतले, तेव्हा रसायनशास्त्रातील हेसच्या नियमावरच्या (समीकरणे जोडून अभिक्रियेची ऊर्जा काढायच्या) एकाच उदाहरणाने तिची चार पाने भरली होती. पुस्तकातील उत्तर ऋण होते आणि तिचे धन येत होते. एक समीकरण उलटे केले की त्याच्या ऊर्जेचे चिन्हही बदलायचे असते, एवढीच गोष्ट राहिली होती; पण ती तिच्या ध्यानात आली नाही, आणि महाविद्यालय सोडल्यापासून त्या नियमाशी माझा संबंध उरला नसल्याने मलाही ती लवकर सापडली नाही. वर्गात सरांनी ती अर्ध्या मिनिटात दाखवली असती. व्हिडिओ आहेत, पुस्तक आहे, इच्छा आहे; केलेले बरोबर आहे का आणि नसेल तर कुठे चुकले, हे सांगणारे माणूस तेवढे नाही.

तिला खासगी ऑनलाइन शाळेत हलवावे, असे काही परिचित सुचवत आहेत. सत्राच्या मधेच शाळा बदलली तर आतापर्यंतच्या चाचण्यांचे गुण वाया जातील का? की शिकवणी लावून थांबावे? आणि विद्यापीठ प्रवेशावर या सगळ्याचा किती परिणाम होईल?

प्रतिसाद, सरे (ब्रिटिश कोलंबिया) येथून :

ताई, २०१४ मध्ये आम्ही हेच भोगले आहे. आमच्याकडे १७ जूनला पूर्ण संप सुरू झाला आणि उन्हाळ्याची सुट्टी संपूनही शाळा उघडल्या नाहीत, त्या थेट २२ सप्टेंबरला उघडल्या. सरकारने तेव्हा दिवसाला ४० डॉलर दिले होते. माझा मुलगा त्या वेळी अकरावी संपवून बारावीत जात होता. त्या अनुभवावरून सांगतो, घाईने शाळा बदलू नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाला खासगी शाळेत घातले. नव्या शाळेत धड्यांचा क्रम निराळा होता, त्यामुळे त्याला एक प्रकरण दोनदा शिकावे लागले आणि एक पूर्ण निसटले. संप मिटल्यावर मित्रांसाठी परत यावेसे वाटले, ते वेगळेच.

आम्ही चार घरे एकत्र आलो होतो. एकाचे वडील रासायनिक अभियंता, एकीची आई सांख्यिकीत काम करणारी. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुले एका घरी जमत, पण त्यांना नवे काही शिकवायचे नाही, असा नियमच केला होता. मुलांनी आधी सोडवलेली उदाहरणे आणायची, एकमेकांची तपासायची आणि अडलेली तेवढीच मोठ्यांसमोर ठेवायची. तुम्हाला जे माणूस हवे आहे, ते कॅलगरीच्या मराठी मंडळात नक्की सापडेल. तुमच्या शहरात अभियंत्यांची वाण नाही.

प्रतिसाद, एडमंटन येथून :

मी स्वतः संपावर असलेली शिक्षिका आहे, म्हणून संपाविषयी काही लिहीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना या काळात मी अभ्यास पाठवू शकत नाही किंवा त्यांच्या वह्या तपासू शकत नाही, आणि ते मनाला लागते. पण जे सर्वांना खुले आहे ते सांगता येईल. प्रांताच्या ‘क्वेस्ट ए प्लस’ या संकेतस्थळावर डिप्लोमा परीक्षेचे जुने प्रश्न विनामूल्य आहेत आणि उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. मुलीला रोज एकाच प्रकरणातील प्रश्न सोडवू द्या. चुकलेल्या प्रश्नापुढे आपल्याला काय वाटले होते, हे तिने एका ओळीत लिहून ठेवावे. शाळा उघडल्यावर तिच्या सरांना त्या ओळींचा फार उपयोग होईल. विद्युत-रसायनाचे प्रकरण आत्ता पुढे रेटू नका, जे शिकवून झाले आहे तेच पक्के होऊ द्या. न शिकवलेल्या भागावर परतल्याबरोबर चाचणी घेणारा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही.

प्रवेशाबाबत : कॅलगरी आणि अल्बर्टा ही दोन्ही विद्यापीठे सशर्त प्रवेश देताना अकरावीचे गुण पाहतात. ते चांगले असतील, तर अर्ज आताच भरून टाका.

प्रतिसाद, रेड डिअर येथून :

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच लिहिते. आमचा मुलगा स्वमग्न आहे आणि तिसरीत आहे. त्याला अभ्यास बुडाल्याचे काही नाही. पिवळी बस येत नाही, याचा मात्र त्याला रोज सकाळी त्रास होतो. आम्ही बसच्या वेळी दप्तर घेऊन थांब्यापर्यंत चालत जातो, परत येतो आणि मगच न्याहारी होते. त्याने सकाळ बरीच शांत जाते. धाकट्या मुलांच्या पालकांना एवढेच सुचवेन की वेळापत्रकातील एखादी तरी गोष्ट शाळेच्या वेळेलाच ठेवा. तुमच्या सासूबाईंना मैदान जमत नसेल, तर दुपारी वाचनालयाचा प्रयत्न करून पाहा. तिथे निदान ऊब असते.

धागाकर्तीचा प्रतिसाद, नोव्हेंबर २०२५ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विधानसभेने एका रात्रीत कायदा मंजूर केला, न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून त्याला राज्यघटनेतील विशेष कलमाचे कवच दिले, २०२८ च्या ऑगस्टपर्यंतचा करार लादला आणि २९ ऑक्टोबरला शाळा उघडल्या. शिक्षक परतले, पण मनाविरुद्ध परतले, हे मुलांनाही कळते. धाकट्याच्या वर्गात ३३ मुले आहेत ती आहेतच.

मुलीची शाळा आम्ही बदलली नाही. मराठी मंडळातील एक काका आठवड्यातून एकदा रसायनशास्त्राची वही पाहतात, आणि एडमंटनच्या ताईंनी सुचवलेल्या ओळी तिने सरांना दाखवल्या, तेव्हा त्यांनी त्यांतून तीन उदाहरणे निवडून वर्गाला सोडवायला दिली.

आता नवा प्रश्न उभा राहिला आहे. जानेवारीची डिप्लोमा परीक्षा या वर्षी ऐच्छिक केली आहे. न दिल्यास शाळेचे गुण हेच अंतिम गुण धरले जातील. गणितात तिचे शाळेचे गुण तिच्या आवाक्यापेक्षा कमी आहेत, म्हणून ती परीक्षा द्यायची हे नक्की झाले आहे. रसायनशास्त्रात गुण चांगले आहेत, पण बुडालेले तास भरून काढण्यासाठी विद्युत-रसायन फार भरभर शिकवले जात आहे. ते प्रकरण कच्चे राहिले, तर पुढच्या वर्षी विद्यापीठात अडेल की तिथे ते पुन्हा पायापासून घेतात? ज्यांची मुले इथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहेत, त्यांनी कृपया सांगावे; परीक्षा द्यायची की नाही, हे तिला डिसेंबरच्या सुट्टीआधी ठरवायचे आहे.