कायलस: प्रोव्होस्ट मागे ओढतात, कामगार वाया जातो

दादरकर: आम्ही चौघं दादरला कायलस हा पटावरचा खेळ खेळतो. रस्त्याच्या टोकाच्या इमारतीवर कामगार ठेवला की बाकीचे प्रोव्होस्ट (रस्त्यावरची सोंगटी, तिच्या पुढच्या इमारती त्या फेरीत बंद) मागे ओढतात आणि ती इमारत चालतच नाही. उपाय?

मुलुंड_ठोकळे: नाणी राखा. प्रत्येकाला प्रोव्होस्ट जास्तीत जास्त ३ घरं हलवता येतो, घरामागे १ नाणं. तिघांनी मिळून ९ घरं ओढली तर तुमची ३ कमी पडणारच. म्हणून दुसऱ्या कुणाचा कामगार शेजारी असेल तरच टोकाला जा, तोही नाणी घालेल. पास झालेल्या (म्हणजे त्या फेरीत कामगार ठेवणं थांबवलेल्या) क्रमानेच प्रोव्होस्ट हलतो, म्हणजे शेवटी पास होणाऱ्याचा शब्द शेवटचा. मात्र उशिरा पास होणं महाग पडतं: एकजण पास झाला की कामगार ठेवायला १ ऐवजी २ नाणी, मग ३. स्वतःच्या इमारतीवर कायम १.

दादरकर: म्हणजे लवकर पास होऊ नये?

पार्लेकर: हातात नाणी असतील तरच उशिरा पास व्हा. किल्लाही बघा: तिथे बांधकामासाठी वेगवेगळ्या रंगांचे ३ ठोकळे (माल), त्यात गुलाबी, म्हणजे अन्नाचा, हवाच. लाकूड-दगड साठवून अन्न विसरलात आणि किल्ल्यात कामगार अडकला, तर २ गुण वजा. शिवाय प्रोव्होस्ट बेलिफच्या (डाव शेवटाकडे नेणारी दुसरी सोंगटी) पुढे असेल तर बेलिफ २ घरं जातो, नाहीतर १. मागे ओढणारे डावही लांबवतात.