'देवाच्या ठायी बळ' की 'देवावर भिस्त'?

पेठेतला_प्रूफवाला: लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, मराठी पत्रकासाठी मथळा हवा आहे. उतारा बायबलमधला, १ शमुवेल ३०. दाविदाचं गाव सिकलाग जळालंय, बायकापोरं शत्रू अमालेकी घेऊन गेलेत, दाविदाचीच माणसं त्याला धोंडमार करायला निघालीत. सहाव्या वचनात तो देवात बळ मिळवतो. 'देवात बळ मिळवणे' कानाला खटकतं. 'धीर धरला' म्हणावं तर देवच गळतो.

ओवीकर: 'देवाच्या ठायी'. 'ख्रिस्ताच्या ठायी' चर्चमध्ये रुळलेलंच आहे.

साधी_मराठी: रुळलंय ते साठीच्या पुढच्यांना. तरुणांना 'ठायी ठायी' सोडून तो शब्द भेटत नाही. 'देवावर भिस्त ठेवली' लिहा.

ओवीकर: भिस्त फारसी वळणाची. भिश्तीची बहीण असावी.

साधी_मराठी: भिश्ती आला 'बिहिश्त' म्हणजे स्वर्गावरून. आवाज जुळला म्हणून नातं लावू नका. आणि फारसी चालत नसेल तर 'हजर' आणि 'जमीन'ही सोडा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल केलं, ते मुद्दाम सोप्या मराठीत.

हिब्रू_अडाणी_नाही: भिस्त ठेवून माणूस नुसता बसूनही राहतो. मूळ हिब्रू क्रियापद 'हाझाक' (बळकट असणे) धातूचं आत्मवाचक रूप आहे: त्यानं स्वतःला बळकट केलं. कसं, ते पुढच्या दोन वचनांत आहे. अब्याथार याजकाकडून एफोद (देवाला कौल विचारताना वापरायचं याजकाचं वस्त्र) मागवला, 'पाठलाग करू का?' असं थेट विचारलं, उत्तर ऐकलं, मगच सहाशे माणसं घेऊन निघाला. त्यातली दोनशे बसोर ओढ्यावरच थकून थांबली, म्हणजे अंगातली ताकद काही वाढली नव्हती. मथळ्यात विचारणं आणि ऐकणं आलं पाहिजे.

पेठेतला_प्रूफवाला: दुसरं पान तेच आहे, 'प्रार्थना व श्रवण'.

साधी_मराठी: श्रवण म्हटलं की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. 'ऐकणे' लिहा. 'पोरगं ऐकत नाही' म्हणतो तेव्हा ते बहिरं नसतं. हिब्रू 'शमा'तही ऐकणं आणि मानणं एकत्रच.

ओवीकर: श्रवण नवविधा भक्तीत पहिलं, म्हणून बाटलं का? श्रवण, मनन, निदिध्यासन ही तयार परिभाषा आहे.

शांतवेळ: परिभाषेपेक्षा पानावर कृती द्या. पाच ते आठ वचनंच घ्या. अख्खा अध्याय घेतला की वाचनातच वेळ जातो. दोनदा मोठ्यानं, सावकाश वाचा. अडकलेला एकच शब्द धरून दहा मिनिटं गप्प बसा. गडबड इथेच होते: दोन मिनिटांत मागण्यांची यादी सुरू होते. ती आधीच कागदावर उतरवून बाजूला ठेवायची. शेवटी एक ओळ लिहायची. 'देव बोलला' असं वाटलं तर लगेच अंमल नको. ते वचनाशी जुळतं का पाहा, एका जाणत्या माणसाला सांगा. आणि मन कोरडं पडलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये, हा जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा नियम चौकटीत टाका. त्यांच्या परंपरेतल्या या पारखण्याला 'विवेक' शब्द चालेल.

ओवीकर: म्हणजे संस्कृत तुम्हालाही लागतंच! मग लेंटला तरी 'प्रायश्चित्तकाळ' म्हणा.

साधी_मराठी: पुण्यात? १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचा कप पुढे आला, तर रानडे-टिळकांच्या मागे प्रायश्चित्ताचा वाद लागला. प्रायश्चित्त विधीनं फिटतं. इथे मन पालटायचंय. 'उपवासकाळ' बरा.

हिब्रू_अडाणी_नाही: 'उपवासकाळ' म्हटलं की लोक चाळीस दिवस साबुदाणा धरतात. कॅथलिकांत बंधनकारक उपवास दोनच: राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, वय १८ ते ५९. एक पूर्ण जेवण, शिवाय दोनदा थोडंसं. ते दोन मिळून एका जेवणाइतके होऊ नयेत. लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदाव्या वर्षापासून. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मनावर.

पेठेतला_प्रूफवाला: मथळा राहिला. 'विचारा, ऐका, बळकट व्हा' कसं वाटतं?

ओवीकर: सरकारी जाहिरात. आणि चाळीस कुठले? राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत शेहेचाळीस भरतात.

शांतवेळ: सहा रविवार वगळा. रविवार पुनरुत्थानाचा, तो उपवासात धरत नाहीत.

साधी_मराठी: मग लेंटभर सोडलेला चहा रविवारी प्यायचा की नाही, ते पत्रकात लिहा. दरवर्षी सगळ्यात जास्त विचारतात ते हेच.

ओवीकर: प्यायचा. पण 'सोडलेला' नाही, 'वर्ज्य केलेला'.