सोसायटी ग्रुप: शनिवारचा सिनेमा

मुग्धा, बी-६०२
कमिटीला स्पष्टच विचारते. शनिवारी क्लबहाऊसमध्ये मुलांना जो सिनेमा लावला, तो आधी कुणी बघितला होता का? रिया सात वर्षांची आहे. दोन रात्री धड झोपलेली नाही. आज तर माझी ओढणी घेऊन फ्रिजचं हँडल खिडकीच्या गजाला बांधलंय, दोन गाठी मारून. का, तर रात्री फ्रिज उठून सिनेमातल्यासारखा वरातीत जाईल!

भोसले, ए-५०१
आमचा गेला तर जाऊ दे. एक्स्चेंजमध्येही कुणी घेत नाही 😀

मुग्धा, बी-६०२
भोसले, प्लीज. हसण्यावारी नेऊ नका.

कदम, ए-१०२
क्लबहाऊसची चावी शनिवारपासून बोर्डावर नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून लावावी.

देशपांडे (सेक्रेटरी)
मुग्धाताई, झाल्या प्रकाराबद्दल कमिटी दिलगीर आहे. सांस्कृतिकवाल्यांनी कार्टून आहे असं सांगितलं होतं. यापुढे काळजी घेऊ. 🙏

निखिल, ए-३०४
काका, सांस्कृतिकवर ढकलू नका. नोटीस बोर्डावर साफ लिहिलं होतं, ७ वाजता मुलांचा, ९.३० ला मोठ्यांचा. मुलांचा पेन ड्राइव्ह चालेना म्हणून शिंदे वहिनींनी दुसरा लावला. मी तेव्हा खाली एक्स्टेंशन बोर्ड शोधत होतो.

शिंदे वहिनी, सी-४०३
नाव घेतलंत म्हणून बोलते. तीस-चाळीस मुलं ओरडत होती, निम्मं पॉपकॉर्न जमिनीवर. सुरू केला तर सर्कस दिसली, छोट्याशा गाडीतून विदूषक बाहेर आला. कुणालाही मुलांचाच वाटेल. गणपतीच्या हिशेबाच्या वेळीही सगळं माझ्याच माथी मारलं होतं. चालू द्या.

निखिल, ए-३०४
वहिनी, हिशेबाचं आता कुठून आलं?

शिंदे वहिनी, सी-४०३
विषय निघतो तेव्हा निघतो.

कदम, ए-१०२
क्लबहाऊसची चावी शनिवारपासून बोर्डावर नाही. कृपया.

सायली, सी-१०१
तो पेन ड्राइव्ह माझा होता. वर चिठ्ठी लावायला हवी होती, नाही लावली, चूक माझी. मुग्धाताई, मनापासून माफी मागते. त्यात होता पॅप्रिका, जपानी अॅनिमेशन सिनेमा. तो लहान मुलांचा नाहीच. अमेरिकेत त्याला आर प्रमाणपत्र आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा. पुढे एक प्रसंग आहे, बाईची कातडी सोलल्यासारखा. तो मलाही बघवत नाही. तोपर्यंत बहुतेक मुलं घरी गेली होती, तेवढं बरं झालं.

मोहिते, बी-२०४
असलं घाणेरडं कार्टून मुळात सोसायटीत लावायचंच कशाला? आपल्याकडे चांगले सिनेमे संपले का?

सायली, सी-१०१
मोहिते काका, मुलांना दाखवायला नको होता, हे हजारदा मान्य. पण घाणेरडा म्हणू नका. चित्रांचा आहे म्हणजे मुलांचाच असणार, असं आपण धरून चालतो, आणि शनिवारचा घोळ त्यातूनच झाला. मी अॅनिमेशनच्याच कामात आहे, म्हणून जिवाला लागतं.

मोहिते, बी-२०४
बरं, मग स्टोरी काय? थोडक्यात.

सायली, सी-१०१
थोडक्यात अवघड आहे, प्रयत्न करते. डीसी मिनी नावाचं यंत्र आहे. ते डोक्याला लावलं की डॉक्टर रुग्णाच्या स्वप्नात शिरू शकतात. बनवलंय मनाच्या आजारांवरच्या उपचारासाठी. पण ती यंत्रं चोरीला जातात आणि चोर जाग्या माणसाच्या डोक्यातही दुसऱ्याचं स्वप्न घुसवायला लागतो. संस्थेचे प्रमुख चांगले बोलत असतात, मधेच भलतंच बरळू लागतात आणि थेट खिडकीतून उडी! ती वरात म्हणजे मुळात एका भ्रमिष्ट रुग्णाचं स्वप्न. बेडूक वाजंत्री वाजवतायत, बाहुल्या चालतायत, फ्रिज चालतोय. ज्याचं ज्याचं स्वप्न सापडेल ते गिळत ती फुगत जाते आणि शेवटी खऱ्या शहरात उतरते. नायिका जागेपणी करारी डॉक्टर, अत्सुको चिबा. स्वप्नात शिरली की खट्याळ पॅप्रिका. बाई एकच.

भोसले, ए-५०१
आमचं पोरगं दोन दिवस त्या वरातीची चाल गुणगुणतंय. बायको म्हणते, डीजेवाल्याला द्या.

सायली, सी-१०१
भोसले काका, संगीत सुसुमू हिरासावाचं आहे. डोक्यातून जात नाही ते खरंच.

पाटील, ए-२०३
🌹 शुभ सकाळ 🌹 जो स्वप्नं पाहतो तोच ती पूर्ण करतो 🌹

निखिल, ए-३०४
पाटील काका, आज अगदी विषयाला धरून 👍

मोहिते, बी-२०४
हे सगळं इन्सेप्शनमध्ये आहे की. त्याचीच कॉपी दिसते.

सायली, सी-१०१
काका, इन्सेप्शन २०१० चा, हा २००६ चा. तोही यासुताका त्सुत्सुईंच्या १९९३ च्या कादंबरीवर. कुणी कुणाची कॉपी केली यात मी पडत नाही, पण आधी कोण ते तरी नीट असू द्या. दिग्दर्शक सातोशी कोन २४ ऑगस्ट २०१० ला कर्करोगाने गेले, फक्त ४६ वर्षांचे. पुढचा सिनेमा अर्धवट राहिला, तो अजून तसाच आहे. त्यांच्या सिनेमाला कुणी न बघता नावं ठेवली की मला गप्प बसवत नाही.

मोहिते, बी-२०४
नावं ठेवली नाहीत. विचारलं.

कदम, ए-१०२
क्लबहाऊसची चावी. तिसऱ्यांदा लिहितोय. उद्या ज्येष्ठांचा योगवर्ग आहे.

जोशी आजी, बी-१०१
मुलांना घेऊन सगळे गेले तेव्हा मी बसून राहिले. आधी गुडघ्यामुळे, मग सिनेमामुळे. खालची इंग्रजी अक्षरं वाचत पूर्ण बघितला. त्यातला तो पोलीस डॉक्टरांकडे येतो, कारण एकच स्वप्न पुन्हापुन्हा पडतं. लांब बोळ, एक माणूस गोळी लागून पडतोय, आणि याला काही पोचता येत नाही. म्हणतो, मला सिनेमे आवडत नाहीत. मग हळूहळू कळतं की तरुणपणी तो आणि त्याचा मित्र मिळून सिनेमा करत होते. याने मधेच सोडलं आणि मित्र पुढे आजारपणात गेला. शेवटी हा पोलीस तिकीट खिडकीवर जातो आणि 'एक प्रौढ' म्हणून तिकीट मागतो. बस, एवढंच.
आमचे हे त्यांचा धाकटा भाऊ गेल्यावर अकरा वर्षं थिएटरची पायरी चढले नाहीत. दोघं कायम बरोबर जायचे. मी विचारलं की म्हणायचे, मला आवड नाही. शनिवारी ती तिकीट खिडकी बघताना मला कळलं ते काय म्हणत होते. सायली, तो पेन ड्राइव्ह मला पुन्हा दे.

सायली, सी-१०१
आजी, संध्याकाळी घेऊन येते.

भोसले, ए-५०१
आजी 🙏

मुग्धा, बी-६०२
आजी, तुमचं वाचलं. सिनेमा चांगला असेल, मी वाद घालत नाही. पण माझ्या घरी रात्री तीनला मुलगी फ्रिजसमोर उशी घेऊन बसलेली असते. त्याचं काय करायचं ते कुणीतरी सांगा.

सायली, सी-१०१
मुग्धाताई, मी येऊ का? रियासमोर बसून फ्रिज काढते. वहीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर पाय थोडा थोडा पुढे. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, पण जपानी लोक बऱ्याचदा एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे आठ चित्रांत सेकंद निघतो. आठ पानं तिच्याकडूनच काढून घेते. तिने पानं पलटली की फ्रिज चालेल, थांबवली की थांबेल.

मुग्धा, बी-६०२
उद्या सहाला या. तिला चित्रकला आवडते. आणि ती ओढणी तेवढी तिच्याकडून सोडवून घ्या, मला बुधवारी घालायची आहे. मी हात लावला की रडते.

शिंदे वहिनी, सी-४०३
मुग्धा, पेन ड्राइव्ह लावण्याआधी मी विचारायला हवं होतं. रियासाठी खोबऱ्याच्या वड्या पाठवते.

मुग्धा, बी-६०२
राहू द्या हो वहिनी. बरं, पाठवा.

देशपांडे (सेक्रेटरी)
पुढच्या शनिवारसाठी कमिटीतले दोघं आधी सिनेमा पूर्ण बघतील, मगच लागेल. निखिल आणि शिंदे वहिनी.

निखिल, ए-३०४
मी आणि वहिनी?

शिंदे वहिनी, सी-४०३
का, चालत नाही?

कदम, ए-१०२
चावी???

जोशी आजी, बी-१०१
अहो कदम, माझ्या पर्समध्ये आहे. शेवटी मीच एकटी उरले होते, कुलूप कोण लावणार? वर येऊन घेऊन जा, गुडघा दुखतोय.