शाळेत सकाळचा नाश्ता सुरू करायचाय, पण द्यायचा कुणाला?

खडूची_धूळ

मंडळी, मी मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडच्या एका जि.प. शाळेत शिकवते. राहते वारज्याला, रोज चांदणी चौकातून स्कूटर हाणत जाते. पहिली ते पाचवी, पट ८६, आम्ही चार शिक्षक. त्यात मी सगळ्यांत नवी, म्हणून पोषण आहाराचं दप्तर माझ्या गळ्यात. म्हणजे तांदळाची पोती मोजणं, चव नोंदवही, रोजची संख्या अ‍ॅपवर भरणं आणि भाजीवाल्याची उधारी ऐकून घेणं.

खिचडीबद्दल माझी तक्रार नाही. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. पूर्ण हजेरी असली तर रोज ८ किलो ६०० ग्रॅम तांदूळ शिजतो. आमच्या दोन्ही मावशींच्या हाताला चव आहे, बुडाला लागलेल्या खरपुडीसाठी चौथीची पोरं भांडतात. अडचण आहे ती साडेबाराच्या आधीची.

आमची निम्मी मुलं बांधकामावरच्या कुटुंबांतली. मराठवाड्यातली बरीच, काही कर्नाटकातली. आई साडेसातला साईटवर जाते, पोरं आठपासून शाळेच्या फाटकाशी बसलेली. शाळा भरते साडेनऊला. रात्री आठला जेवलेलं पोर दुसऱ्या दिवशी साडेबाराला खातं, म्हणजे साडेसोळा तास. जूनपासून परिपाठात तीनदा मुलांना भोवळ आली. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा तर बघवत नाही.

मी काय केलं ते सांगते, हसू नका. पर्समध्ये बिस्किटाचे पुडे ठेवायला लागले. उपाशी आलेल्या सात जणांना परिपाठाआधी ऑफिसात बोलवायचं आणि द्यायचं. आठवडाभर बरं चाललं. मग एक दिवस सातातले दोनच आले. बाकीचे म्हणाले, "बाई, आम्ही खाऊन आलोय." चक्क खोटं. दुपारी कळलं की वर्गात त्यांना 'बिस्किटवाली पोरं' म्हणायला लागलेत. तिसरीतली एक मुलगी तर मला बघून मुतारीमागे लपली. तो प्रसंग डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा. ज्यांना गरज आहे त्यांनाच द्यायचं, तर ती खात नाहीत. सगळ्या ८६ जणांना द्यायचं, तर पैसे कुठून आणू आणि करणार कोण? कुणी शाळेत असं काही चालवलंय का?

स्पष्टच_बोलतो

राग मानू नका, पण सकाळी पोराच्या पोटात काहीतरी घालणं हे आईबापाचं काम आहे. दुपारचं सरकार देतंय, पुस्तकं सरकार देतंय, गणवेशही देतंय. आता नाश्ताही शाळेनेच द्यायचा? शिक्षकांनी शिकवावं. तुम्ही खिचडीचे हिशेब लिहिता तो वेळ कुणाचा जातोय?

खडूची_धूळ

तो वेळ मुलांचाच जातोय, हे मान्य. त्याचा राग मलाही आहे. पण उपाशी पोराला हातच्याची वजाबाकी शिकवून बघा एकदा. आणि त्या आयांचं म्हणाल, तर पाचला उठून, नळावर नंबर लावून, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा करून त्या निघतात. भाकरी असते, पण ती डब्यात जाते. मी दोघींशी बोलले. एक म्हणाली, "उठवलं तर खात न्हाई, आन् तवा शाळाबी उघडलेली नसती."

घाटमाथा

मी भोर तालुक्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हापासून पाहिली आहे. तेव्हा शिजवून द्यायचं नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचा. पोरं पिशव्या घेऊन यायची आणि अर्धा तांदूळ वाटेत सांडायचा. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, त्यानंतर आपल्याकडे चुली पेटल्या.

बाई, कळकळ समजली. आता काही कोरडं बोलतो.

पहिलं म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाला आणि डाळीला नाश्त्यासाठी हात लावू नका. एक वाटीसुद्धा नाही. शिल्लक जुळली नाही की तुमचा हेतू कुणी विचारत नाही. तसाही त्या पैशात जीव नाही. १ मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, तांदूळ वेगळा. त्यात डाळ, तेल, मीठमसाला, भाजी, इंधन सगळं आलं. त्यातून नाश्ता निघणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा घ्या, लेखी ठराव करा आणि केंद्रप्रमुखांना प्रत द्या. रोख पैसे स्वतःच्या हातात घेऊ नका, वस्तू घ्या. स्नेहभोजन नावाची सोय आहेच, गावातल्या कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध. लोक देतात. मात्र फोटोचा सोस आवरा. आमच्याकडे एका दात्याने एकेका पोराच्या हातात केळं देऊन साठ फोटो काढले, तोवर पोरं उन्हात उभी. पुढच्या वेळी मी त्यांना सांगितलं, केळी ऑफिसात ठेवा आणि चहा घेऊन जा.

अंड्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं सुरू झालं, २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी पैसा थांबला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा असं सांगितलं गेलं. पोरं कितीतरी दिवस 'अंडं कधी?' विचारत असतील. तेव्हा जे वर्षभर चालेल तेवढंच सुरू करा.

आणि चव. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने खायचं आणि मगच वाढायचं. नाश्ता तुमचा खासगी असला तरी हा नियम सोडू नका. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली, तेलात कीटकनाशक होतं. त्या आठवड्यात मी आमच्या शाळेतले सगळे डबे उघडून हुंगले होते. सही करण्यापुरती चव घेणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले, म्हणून लांबण लावतोय.

मोठं_पातेलं

मी बचत गटात आहे, पुण्यातल्या शाळांना खिचडी पुरवायचो आम्ही. पहाटे चारला गॅस पेटायचा. ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पहिला विचार तुमच्या मावशींचा आला. त्यांना महिन्याला अडीच हजार मिळतात ना? तेही वर्षातले दहाच महिने. ८६ पोरांचा स्वैपाक, वर भांडी, वर ओटा झाडणं. त्यांनाच साडेआठला या आणि पोहे करा म्हणू नका. त्या नाही म्हणणार नाहीत, हाच घोटाळा आहे.

म्हणून चूल पेटवायचीच नाही असा नाश्ता शोधा. पोहे, उपमा विसरा. ८६ पोरांचे पोहे म्हणजे कांदा चिरायलाच एक बाई लागते, आणि गार पोहे घशाखाली उतरत नाहीत. शेंगदाणा आणि गूळ घ्या. माणशी २० ग्रॅम दाणे, १५ ग्रॅम गूळ. म्हणजे रोजचे पावणेदोन किलोच्या आत दाणे आणि १ किलो ३०० ग्रॅम गूळ. मी मार्केट यार्डातून भुसारात घेते. १३० ने दाणे आणि ६० ने गूळ धरला तर ३०० रुपयांत सगळी शाळा होते. पोरामागं साडेतीन रुपये. आठवड्याचे लाडू एका दुपारी वळून होतात, बायका चार असल्या तर तास-दीड तास. त्या बायका आयांमधल्याच घ्या आणि त्यांना पैसे द्या, फुकट नको.

पावसाळ्यात दाणे एकदम भरू नका. मुळशीच्या दमटीत आठ दिवसांत मऊ पडतात, मग बुरशी धरते. खवट किंवा काळपट दाणा दिसला की सगळाच घाणा टाकायचा, निवडत बसायचं नाही.

बाणेरला_परत

मी २०१८ ते २०२३ कॅलिफोर्नियात होते. कामाचा परवाना मिळाल्यावर मुलीच्या शाळेच्याच कॅफेटेरियात लागले. घरी सासूबाईंना वर्षभर सांगितलं नव्हतं की सून जाळीची टोपी घालून ट्रे पुसते. असो.

'बिस्किटवाली पोरं' वाचून दचकले, कारण तिकडे हेच बघितलंय. सुरुवातीला तिथे तीन प्रकार होते. काहींना फुकट, काहींना सवलतीत म्हणजे नाश्ता ३० सेंट आणि जेवण ४० सेंट, बाकीच्यांना पूर्ण पैसे. मुलांनी यंत्रावर आपला नंबर दाबायचा, म्हणजे कोण कुठल्या प्रकारातलं ते कुणाला कळू नये. कळायचंच. नाश्ता घंटेच्या आधी मिळायचा, त्यामुळे लवकर येऊन रांगेत उभं राहणारं मूल गरीब, हे पहिलीतल्या पोरालाही कळत होतं. गंमत म्हणजे फुकट नाश्ता ज्यांच्या हक्काचा, त्यांतलीच मोठी मुलं तो सोडून द्यायची. तुमची मुतारीमागे लपलेली मुलगी तिथेही होती, फक्त ती बास्केटबॉलच्या खांबामागे असायची.

त्यावर तिकडच्या केंद्र सरकारचा एक तोडगा आहे. शाळेतल्या किमान अमुक टक्के मुलांची घरं आधीच दुसऱ्या सरकारी मदतीवर असली, तर घरोघरी फॉर्म न भरून घेता सगळ्या शाळेला फुकट. ती अट आधी ४० टक्के होती, २०२३ मध्ये २५ वर आणली. आमच्या राज्याने त्याहून पुढे जाऊन २०२२-२३ पासून सगळ्याच सरकारी शाळांत दोन्ही वेळचं फुकट केलं. सगळ्यांना झालं त्या वर्षी रांगेत डॉक्टरची पोरं आणि माळ्याची पोरं एकच चिकट मफिन खाताना दिसायची.

दुसरा उपाय पैशाचा नव्हता, वेळेचा होता. काही शाळांनी नाश्ता घंटेनंतर वर्गात नेला. हजेरी चाललीय आणि पोरं खातायत. बाई, तुम्ही परिपाठाआधी ऑफिसात बोलावलंत ना, तिथेच चुकलं. ऑफिसात बोलावणं म्हणजे शिक्षाच वाटते. परिपाठ झाला की वर्गात, हजेरीच्या वेळी, सगळ्यांना द्या. घरून खाऊन आलेलं मूलही लाडू खाईल, खाऊ दे. त्याचे साडेतीन रुपये ही उपाशी मुलाच्या अब्रूची किंमत समजा.

तिकडचं सगळं छान नव्हतं. दुपारच्या जेवणात पाच प्रकारच्या पदार्थांतले तीन घ्यायलाच हवेत, त्यात फळ किंवा भाजी हवीच, असा नियम. मग पोरं सफरचंद उचलायची आणि चार पावलांवर कचऱ्यात टाकायची. नंतर एक टेबल ठेवलं, न उघडलेलं दूध आणि फळ त्यावर ठेवायचं, हवं त्याने उचलायचं. तो टेबलाचा प्रकार मात्र घ्या. एक शंका, दाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना विचारून ठेवा. तिकडे आमच्या स्वैपाकघरात दाणा आणायलाच बंदी होती.

स्पष्टच_बोलतो

तरी मी म्हणतो, हे सरकारनेच करायला हवं. तामिळनाडूने २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत नाश्ता सुरू केलाच ना? रवा उपमा, खिचडी, पोंगल. तिथल्या बाई पर्समधून बिस्किटं काढत नाहीत. (पहिला प्रतिसाद जरा खडूस झाला होता. ५०० रुपयांचा गूळ माझ्याकडून. रोख देणार नाही, वरच्या गुरुजींनी सांगितलंय.)

खडूची_धूळ

सगळ्यांना धन्यवाद. पाच आठवड्यांनी लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

ठराव झाला. समितीत एका सदस्याने विचारलं, "आमच्या पोराला घरी दूध असतं, त्याला कशाला?" मी धाग्यातलं सगळं सांगत बसले नाही. म्हटलं, त्यालाही लाडू आवडेल. विषय संपला.

शुक्रवारी दुपारी आयांमधल्या तिघी लाडू वळतात, ज्यांना त्या दिवशी साईटवर काम नसतं त्या. माणशी १०० रुपये. ते आणि दाणे-गुळाचे पैसे मिळून महिन्याचं गणित आठ-साडेआठ हजारांवर जातं. दाणे एका किराणा दुकानदाराकडून, गूळ वरच्या खडूस काकांकडून आणि गावातल्या दोघांकडून. दिवाळीपर्यंतची सोय आहे, पुढचं अजून दिसत नाही. शनिवारी केळं. मावशींना यात घेतलं नाही, पण त्या स्वतःहून येऊन गूळ जास्त झाला म्हणून सांगून गेल्या.

लाडू हजेरीच्या वेळी वाटतो. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि डब्यात हात घालायचा. नको असेल त्याने खिडकीतल्या ताटलीत ठेवायचा. ताटली पहिल्या तासालाच रिकामी होते, कोण उचलतं ते मी बघत नाही. मुतारीमागे लपलेली मुलगी आता डबा धरायचं काम करते. तिने ते मागून घेतलं. भोवळ या पाच आठवड्यांत एकदा आली, तो मुलगा तापाने फणफणला होता.

फसलं काय, तर गुळाला मुंग्या. डबा पाण्याच्या परातीत ठेवला तर पहिलीतल्या पोरांनी परातीत होड्या सोडल्या.

आणि हिशेब जुळेना. रोज तीन-चार लाडू कमी. मी दोन दिवस डब्यावर पाळत ठेवली. आमचे दोन्ही गुरुजी, एक पौडहून येतात आणि एक पिरंगुटहून, दोघांचाही सकाळी नाश्ता होत नाही म्हणे.

मोठं_पातेलं

९० चा घाणा काढा ताई. आणि गूळ खरंच जास्त झाला असेल तर १२ ग्रॅमवर आणा, पण मग दाणे गरम असतानाच कुटा, नाहीतर लाडू वळले जात नाहीत.