एओरेद : पागा, पथक की जुमला?

आडवाट
टोल्कीनच्या मध्यभूमीतल्या रोहान देशाच्या लोकांवर एक मोठा लेख मराठीत करतो आहे. त्यांच्या स्वारांच्या तुकडीला मूळ शब्द 'एओरेद'. मी सगळीकडे 'पागा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून 'पथक' केलं आणि शेरा मारला, 'पागा म्हणजे तबेला.' अडलेलं वाक्य असं : 'राजाची परवानगी न घेता एओमेर आपली/आपलं ____ घेऊन ऑर्कांच्या पाठलागावर निघाला.' (एओमेर हा रोहानचा एक सरदार, ऑर्क म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक.) लिंगापासूनच अडलंय. पागा चालेल का?

तोबरा
न चालायला काय झालं? पागा हा फारसी पायगाहचा मराठी अवतार. जागा आणि त्या जागेवरचं घोडदळ, दोन्ही अर्थ आहेत. 'पागेचे स्वार' म्हणजे सरकारी घोड्यांवरचे स्वार. पुण्याची हुजूरपागा आज मुलींची शाळा आहे म्हणून शब्दाचा अर्थ शाळा होत नाही, तसाच नुसता तबेलाही होत नाही.

'पथक'ला माझी हरकत वेगळी. सरदाराचं पथक शंभराचं असेल नाहीतर दोन हजारांचं, तो शब्द आकडा सांगत नाही. शिवाय आजच्या वाचकाला पथक म्हटलं की ढोल-ताशा ऐकू येतो, नाहीतर भरारी पथक दिसतं. एओरेदला आकडा आहे. आधी तो शब्द सैलच होता, कवायतीला किंवा मोहिमेवर एकत्र निघालेली स्वारांची कुठलीही मोठी टोळी. कादंबरीतल्या मोठ्या युद्धाच्या आधी सुमारे शंभर वर्षं, फोल्कविने राजाच्या काळात सैन्याची घडी नव्याने बसवली, तेव्हा पूर्ण एओरेद म्हणजे नायकासकट किमान 120 स्वार असं ठरलं. असे 100 एओरेद म्हणजे देशाची पूर्ण जमवाजमव, म्हणजे 12,000. राजाचे खास स्वार त्यात धरलेले नाहीत.

तुमच्या वाक्यातला हिशोबही जुळतो. वाटेत भेटणाऱ्या परक्यांपैकी लेगोलस लांबून 105 स्वार मोजतो, एओमेर 15 गमावल्याचं सांगतो. बेरीज करा.

मोडीवाचक
आकडाच हवा असेल तर मराठीत शब्द तयार आहे : जुमला. सभासद बखरीतली रचना बघा. 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे जुमला 125 स्वारांचा. 120 च्या इतका जवळ दुसरा शब्द कुठे मिळणार? (हजारीखाली 1,250 स्वार, तरी नाव हजारी. आकड्यांच्या नावांवर फार विसंबू नये, हेही तिथेच कळतं.)

तिरकस
'एओमेर आपला जुमला घेऊन निघाला.' निवडणुकीच्या प्रचाराला का?

मोडीवाचक
हिंदी वाहिन्यांनी एका शब्दाची वाट लावली म्हणून आम्ही सतराव्या शतकातली परिभाषा टाकून द्यायची? जुमलेदार हा हुद्दा शाळेच्या पुस्तकात आहे.

तिरकस
टाकू नका. पण वाचक हसला की दृश्य गेलं. तिथे नुकत्याच मारलेल्या ऑर्कांच्या प्रेतांचा धूर निघतोय, हे तरी लक्षात घ्या.

नालबंद
आकड्यापेक्षा घोडा कोणाचा हे आधी ठरवा. आपल्याकडे शब्दांची खरी फोड तिथे होते. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. पागा बारगिरांची असते, शिलेदारांची नाही. घोडा मेला तर बारगिराला पागेतून दुसरा मिळतो. शिलेदाराचा मेला तर तो पायउतार झाला, आणि म्हणून तो लढाईत घोडा जपून घालतो.

आता तोच प्रसंग घ्या. 15 माणसं आणि 12 घोडे गेलेत, तीन खोगिरं रिकामी आहेत. त्यातले हासुफेल आणि आरोद हे दोन घोडे एओमेर परक्यांना देऊन टाकतो आणि नंतर ते मेदुसेल्दला, म्हणजे राजवाड्यावर, परत आणायला सांगतो. मेलेल्या गारुल्फचा हासुफेल गारुल्फच्या घरी गेला नाही, नायकाने परस्पर दिला. ही बारगिरी झाली. म्हणून पागा बरोबर.

तोबरा
+1, आणि एओमेर स्वतःच म्हणतो की बरोबरची माणसं त्याच्या घरच्या चाकरीतली आहेत. म्हणजे सरदाराची खासगी पागा. राजाच्या खास स्वारांना मग 'हुजुरात' आपोआप बसतं.

मोडीवाचक
घाई होतेय. गारुल्फला त्या घोड्याचा धनीच म्हटलं आहे. रणांगणावरच्या अडचणीत सरदाराने शिलेदाराचा घोडा फिरवला तर तेवढ्यावरून तो बारगीर ठरत नाही. आणि पूर्ण जमवाजमवीला गावोगावचे स्वार येतात, ते सगळे कोणाच्या पागेतले? त्या 12,000 ना पागा म्हणता येणार नाही. एका वाक्यापुरती पागा आणि बाकी लेखात शिलेदार, असं करायचं का?

भाषाव्रती
मंडळी, शिलेदार, बारगीर, जुमला, पागा, हुजुरात : एकही शब्द आपला नाही! शिवरायांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता? 'अश्वगण' म्हणा. मूळ शब्दातला 'एओ' म्हणजे जुन्या इंग्रजीतला घोडा, आणि तो आपल्या 'अश्व'चा सख्खा भाऊबंद. 'रेद' म्हणजे रथ. एओरेद म्हणजे अश्वरथ, संस्कृतच आहे जवळजवळ.

आडकित्ता
पहिला अर्धा भाग बरोबर. एओ आणि अश्व एकाच मुळाचे. दुसरा नाही. तिथला 'राद' म्हणजे स्वारी, इंग्रजी 'राइड'च्या घरातला. 'रथ'चं नातं लॅटिन 'रोटा'शी, म्हणजे चाकाशी. रोहानचे लोक चाकांवरून लढत नाहीत, त्यामुळे रथ सोडून द्या.

पण भाषाव्रतींच्या तक्रारीत तथ्य आहे, कारण मात्र त्यांनी दिलं ते नाही. टोल्कीनने सगळीकडची चालू बोली इंग्रजीत मांडली आणि रोहानची बोली तिची जुनी चुलती असल्याने तिथली नावं जुन्या इंग्रजीतून घेतली. हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या लोकांना, रोहानी बोलणं कानावर पडतं तेव्हा निम्मं ओळखीचं वाटतं, ज्ञानेश्वरी पहिल्यांदा ऐकताना आपल्याला वाटतं तसं. रोहानचा राजा थेओदेन 'होल्बित्ला' म्हणतो तो हॉबिट शब्दाचाच जुना अवतार. दरबारी फारसी शब्द घातले की हे नातं उलटं होतं : जुनं, घरचं वाटायला हवं ते बाहेरून आलेलं, कारकुनी वाटायला लागतं. ही माणसं पुस्तकं लिहीत नाहीत, गाणी गातात. त्यांच्या तोंडी फडावरच्या कारकुनाची परिभाषा कशी शोभेल? आणि 'अश्वगण' पंडिती, त्यामुळे तोही नको. यादवकाळाकडे जा. राऊत (राजपुत्र > राउत्त > राऊत), वारू, घोडें. 'एओमेर आपले राऊत घेऊन निघाला.' लिंगाचाही प्रश्न मिटला.

नालबंद
राऊत म्हणजे एकटा स्वार. तुकडीचा अर्थ गेला, 120 चा आकडा गेला. 'एका राउतामागे दुसरा राऊत गेला' आणि 'एका एओरेदमागे दुसरा गेला' यात 119 माणसांचा फरक आहे.

भाषाव्रती
राऊतगण.

तिरकस
हे कीर्तनातलं वाटतं.

आडवाट
सगळ्यांचे आभार, पण मला उद्या मजकूर द्यायचाय. शिवाय पुढचंही अडलंय. एओमेरचं पद 'तिसरा मार्शल' आहे. ते सरनोबत करू का?

मोडीवाचक
सरनोबत घोडदळाचा एक, पायदळाचा एक. 'तिसरा सरनोबत' ऐकून कोणीही पहिले दोन कोण ते विचारेल. मार्शल ठेवावं तर आमदाराला उचलून सभागृहाबाहेर नेणारा माणूस डोळ्यासमोर येतो.

आडकित्ता
मार्शल शब्द मुळात घोड्यांचा चाकर. जुन्या जर्मानिकात 'मार्ह' म्हणजे घोडा, 'स्काल्क' म्हणजे नोकर. हुद्दा वाढत वाढत सेनापतीपर्यंत पोचला. रोहानच्या राजघोड्यांची जात 'मेआरास', तोच तो मार्ह. म्हणजे मूळ धरून भाषांतर करायचं तर 'तिसरा मोतद्दार'.

अवांतर : मेआरास हे अनेकवचन आहे. 'मेआरासे' किंवा 'मेआरासांचे कळप' लिहू नका. 'रोहिरिम'मध्येही 'रिम' म्हणजे लोक, त्यामुळे 'रोहिरिम लोक' म्हणजे लोक लोक. आणि हे नाव शेजारच्या गोंडोर राज्यातल्यांनी दिलेलं. स्वतःला ते एओर्लिंगास म्हणवतात, एओर्ल या पहिल्या राजाची लेकरं, आणि देशाला नुसतं 'मार्क'.

तोबरा
मार्क म्हणजे सीमा, सरहद्द. राहत्या मुलखाला सरहद्द कोण म्हणतं? मध्यभूमीच्या तिसऱ्या युगात 2510 साली गोंडोरचा कारभारी किरिओन याने एओर्लला कालेनार्धोन हा प्रांत तोडून दिला तो गोंडोरच्या उत्तरेची राखण व्हावी म्हणून. गोंडोरच्या नजरेतून ती सरहद्द, यांच्या नजरेतून घर. 'मुलूख' म्हणा.

भाषाव्रती
मुलूख अरबी आहे.

तोबरा
'सरहद्द'ची हद्दही अरबीच आहे. तिला पण काढा.

नालबंद
लेखात फेलारोफची गोष्ट असेल तर तिथेही अडणार, आत्ताच सांगतो. त्या पांढऱ्या घोड्याने एओर्लच्या बापाला, लेओदला, पाठीवरून फेकलं. डोकं दगडावर आपटून तो गेला. एओर्ल तेव्हा 16 वर्षांचा. तो घोड्याला मारत नाही. बापाच्या जिवाचं 'वेअरगिल्ड' म्हणून जन्मभराचं स्वातंत्र्य मागतो, आणि घोडा लगाम न घालून घेता त्याला पाठीवर घेतो. इथे 'बेलगाम' लिहू नका, त्याचा मराठीत अर्थ उधळलेला. 'बिनलगामी'च लिहा. वेअरगिल्ड म्हणजे माणूस मारल्याबद्दल त्याच्या घरच्यांना द्यायचा मोबदला, मेलेल्याच्या दर्जाप्रमाणे ठरणारा.

मोडीवाचक
'नुकसानभरपाई' नको, ती एसटीच्या अपघाताची वाटते. 'दंड' सरकारात भरतात, घरच्यांना नाही.

आडकित्ता
रक्तमोल?

तिरकस
रक्तपेढीत दर लावल्यासारखं वाटतं.

भाषाव्रती
'प्राणमूल्य' घ्या. दोन्ही शब्द तत्सम.

नालबंद
घोड्याशी बोलतोय तो, भाषाव्रती. घोड्याला तत्सम कळत नाही.