फौजदारी न्यायव्यवस्थेत कार्यप्रशिक्षण कुठे करावे?

प्रश्न (लातूरचा विद्यार्थी): मी समाजकार्याच्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कार्यप्रशिक्षणाचे (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याचे) ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास, पूर्ण करायचे आहेत. परंतु एका पोलीस ठाण्यात मला दोन दिवस नुसते बाकावर बसवून ठेवण्यात आले. अन्य पर्याय कोणते?

उत्तर (नांदेडचा वकील): महाविद्यालयाचे पत्र घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या यंत्रणेत कच्च्या कैद्याला मोफत वकील कसा मिळतो आणि जामीन मंजूर होऊनही माणूस तुरुंगातच का राहतो, हे लोकांचे अर्ज लिहून घेताना कळते. माझ्यासमोर एका ऊसतोड कामगाराच्या पत्नीने पतीच्या जामिनाची हमी म्हणून मोठ्या आशेने सातबारा पुढे केला. तो दिराच्या नावावर निघाला, आणि दीर कर्नाटकातल्या फडावर होता.

उत्तर (बीडची कार्यकर्ती): वकीलसाहेबांशी सहमत आहे. मात्र आपण समाजकार्याचे विद्यार्थी आहात, तेव्हा १९५८ च्या कायद्याखालील परिविक्षा (गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडणे) अधिकाऱ्यांचे काम अवश्य पाहावे. आरोपीच्या घरी जाऊन न्यायालयासाठी अहवाल कसा तयार होतो, हे तिथे शिकता येते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्थेचे नाव कोणी सुचवेल, पण ती वाट विज्ञान शाखेच्या मुलांची.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रोजची नोंदवही ठेवावी लागेल का?

उत्तर (नांदेडचा वकील): होय, तासांसह आणि पर्यवेक्षकाच्या सहीसह. पक्षकारांची नावे मात्र तीत लिहू नयेत.